मिस्टर सेकंडची केळी

जळगावात कोर्टाच्या मागच्या गल्लीत झेरॉक्सच्या दोन दुकानांमधून एक अरुंद जिना वर जातो. वर कोकिळाताई बोरसे यांचा टायपिंगचा क्लास आहे. टाइपरायटर आता तिथे एकही उरलेला नाही. पाच संगणक आहेत, त्यातले तीन चालतात, आणि भिंतीवर बोटांच्या जागा दाखवणारा जुना तक्ता आहे.

कोकिळाताई मूळच्या धुळे तालुक्यातल्या. वडील भाईदास बाजरी-कापसाचे शेतकरी. पण पोरीने बारावीनंतर रोज एसटीने धुळ्याला जाऊन टायपिंग शिकायचं म्हटल्यावर त्यांनी पाससाठी लगेच हो म्हटलं होतं. लग्नानंतर त्या जळगावला आल्या. नवरा हितेंद्र डाळमिलमध्ये फिटर. ताई या क्लासमध्ये शिकवायला लागल्या, आणि जुने मालक थकल्यावर क्लासच त्यांच्याकडे आला.

त्यांचे कान ही त्यांची खरी कमाई होती. बारा मशिनं एकदम खडखडत असायची, ताई खिडकीकडे तोंड करून उत्तरपत्रिका तपासत बसायच्या, आणि मध्येच म्हणायच्या, "तिसऱ्या मशिनवर कोण आहे? करंगळी दाबत नाहीयेस तू." मुलं चक्रावून जायची. ताईंना त्यात विशेष काही वाटत नसे. करंगळीचा आवाज वेगळा येतो, एवढंच त्यांचं म्हणणं.

अलीकडे मात्र क्लास ओस पडत चालला होता. वकील मंडळी फोनसमोर बोलायची आणि अक्षरं आपोआप उमटायची. ताईंना त्या बोलणं टिपणाऱ्या यंत्रांचा रागच होता. एकदा एका वकिलांनी असाच तयार केलेला अर्ज छापायला आणला. त्यात पहिल्याच ओळीत ‘माझे अशील’च्या जागी ‘माझे अश्लील’ झालं होतं, आणि पुढे ते सात वेळा आलं होतं. ताईंनी सातही ठिकाणी दुरुस्त करून दिलं. वकीलसाहेबांनी कपाळाला हात लावला, पण पुढच्या आठवड्यात पुन्हा फोनसमोरच बोलले.

दिवाळी नुकतीच सरली होती. एका दुपारी प्रेमराज भारंबे जिना चढून वर आले. पन्नाशीचे, उंच, पांढरा शर्ट, आणि शर्टाच्या बाहीवर केळीच्या चिकाचे तपकिरी डाग. हे डाग कितीही धुतले तरी जात नाहीत, म्हणून रावेरकडचा केळीवाला जळगावात कुठेही ओळखू येतो.

"ताई, मी रावेरकडून आलो," ते खुर्चीत टेकत म्हणाले. "केयीचं काम हाये."

त्या भागात ‘ळ’चा ‘य’ होतो हे ताईंना इतक्या वर्षांत सवयीचं झालं होतं. "केळीचं माझ्याकडे काय काम?"

प्रेमराजभाऊंनी फोन टेबलावर ठेवला. त्यांच्या गावातल्या अकरा शेतकऱ्यांनी मिळून एक गट केला होता. एक पॅकहाउसही बांधलं होतं. तिथे केळी धुऊन पेट्यांत भरायची आणि आखाती देशांत पाठवायची. माल दिसायला देखणा, पण तिकडे पेटी उघडली की फण्या माथ्याशी काळ्या पडलेल्या असायच्या. भाऊ रात्रंदिवस इक्वाडोरच्या केळीबागांचे व्हिडिओ बघायचे. अशाच एका व्हिडिओखाली त्यांनी पुतण्याकडून दोन ओळी आणि आपला नंबर लिहवून घेतला. आठ दिवसांनी तिकडून एका म्हाताऱ्या मुकादमाचा आवाज फोनवर आला. मग दुसरा, मग तिसरा. चाळीस वर्षं केळीत घालवलेला माणूस. लिहिण्याचा कंटाळा, बोलण्याची हौस. असे चौतीस निरोप जमले होते आणि सगळे स्पॅनिशमध्ये.

"मला स्पॅनिश येत नाही हो," ताई म्हणाल्या.

"मालेबी नाई येत. म्हनून तं आलो तुमच्याकडं."

"आता फोनच मराठी करून देतो की."

"ते बी करून पाह्यलं." भाऊंनी एक निरोप फोनमधल्या मराठीत वाचून दाखवला. ‘आईला शेजारी ठेवा आणि हात धुवून मुलगा पुरा.’ मग त्यांनी मान वर केली. "सांगा, हे काय हाये? पुतन्या म्हनतो, या टूलचं इंग्रजी बरं असतं. तं मी म्हनलो, इंग्रजी ताई वाचतीन, आन मले मराठीत सांगतीन."

ताई नाहीच म्हणणार होत्या. पण भाऊंनी तेवढ्यात एक निरोप वाजवला. खरबरीत, दमदार आवाज. तो माणूस बोलता बोलता स्वतःच हसत होता, मागे कोंबडा आरवत होता, कुणीतरी भांडं आपटलं, त्याने त्या भांडं आपटणाऱ्यालाही काहीतरी सुनावलं आणि पुन्हा आपल्या विषयावर आला. एक शब्द कळला नाही, पण हा माणूस मन लावून शिकवतो आहे हे ताईंना आवाजावरूनच कळलं. त्या स्वतः पंचवीस वर्षं शिकवत होत्या.

"एक ठेवून जा," त्या म्हणाल्या. "जमलं तर पुढचं बघू."

त्या संध्याकाळी ताईंनी फोन संगणकाच्या माइकपाशी धरला, इंटरनेटवरचं एक टूल उघडलं आणि निरोप सुरू केला. पडद्यावर इंग्रजी अक्षरं भराभर आली आणि सगळीच निरर्थक. टूलला स्पॅनिश ऐकायला सांगायचंच राहिलं होतं. ते बिचारं स्पॅनिश आवाजातून इंग्रजी शब्द हुडकत होतं. भाषा बदलली. मग डोक्यावरच्या पंख्याची घरघर त्यात शिरली. पंखा बंद केला. मग खालून रिक्षा गेली. शेवटी ताईंनी फोन समोर धरण्याचा नादच सोडला. आवाजाची फाइल संगणकात घेतली, तिचे अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे तुकडे केले आणि एकेक तुकडा टूलला दिला.

पहिलं धड वाक्य उमटलं ते असं: नमस्कार मित्रा, मी सेकंड.

ताई बराच वेळ त्या वाक्याकडे बघत राहिल्या. हा दुसरा, तर पहिला कोण? दुसऱ्या तुकड्यातही तेच. ‘सेकंड तुम्हाला सांगतो’, ‘सेकंडचं ऐका’. त्यांनी फाइलला नाव दिलं, ‘मिस्टर सेकंड’. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की त्या माणसाचं नावच सेगुंदो आहे आणि टूल त्या नावाचाही इमानदारीने अर्थ लावतं आहे. तिकडे आदराने नावाआधी ‘दोन’ म्हणतात, आपल्याकडे नावापुढे भाऊ म्हणतो तसं. पुढे हे प्रेमराजभाऊंना सांगितल्यावर त्यांनी विचारलं होतं, "म्हंजे दोन सेगुंदो, एकच मानूस ना?"

हळूहळू ताईंनी कामाची पद्धत बसवली. टूलकडून आधी स्पॅनिशच अक्षरं काढून घ्यायची आणि मग त्यांचं इंग्रजी करायचं. एकाच टूलवर भरवसा ठेवायचा नाही. तोच तुकडा दुसऱ्या टूललाही द्यायचा आणि दोघांचं जिथे जुळत नाही ती ओळ लाल करायची. मग कानाला हेडफोन लावून ती जागा पुन्हा पुन्हा ऐकायची. अर्थ कळत नसला तरी कुठला शब्द आला आणि कुठला नाही, हे त्यांच्या कानाला कळत होतं. ज्या यंत्रांवर त्यांचा राग होता, त्यांच्याच चुका तपासताना त्यांना मजा वाटायला लागली.

आठवडाभरात पाच निरोप इंग्रजीत उतरले. ताईंनी ते छापून घरी नेले. हितेंद्रभाऊ चहा पीत होते. त्यांना इंग्रजी बेताचंच यायचं, पण कागद हातात घेऊन ते वाचायला लागले आणि त्यांनी कप खाली ठेवला.

कागदावर लिहिलं होतं: आईला फक्त एक मुलगा असू द्या. सगळ्यात धडधाकट मुलगा निवडा. बाकीचे मुलगे लहान असतानाच धारदार सुरीने कापा. नातवावर लक्ष ठेवा. आठवा किंवा नववा हात मोडा. शेवटच्या खोट्या हातावर एक बोट ठेवा. मग पिशवी घाला आणि वरून गळा आवळा.

"कोकिळा," हितेंद्रभाऊ म्हणाले, "हाऊ माणूस शे का कसाई शे? बठ्ठा आंडोर मारी टाका सांगी ऱ्हायना. हाई काम आपले नको." त्यांच्या अहिराणीत बठ्ठा आंडोर म्हणजे सगळे मुलगे.

ताईंनाही आतून धाकधूक होतीच. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रेमराजभाऊंना फोन लावला आणि चाचरत तो मजकूर मराठीत वाचून दाखवला. पलीकडून हसण्याचा असा आवाज आला की भाऊंना दोन मिनिटं बोलताच येईना.

"ताई," शेवटी ते म्हणाले, "रविवारी या. दादालेबी आना. आई, पोरगा, नातू, सगये दाखवतो."

इतकी वर्षं जळगावात राहून ताईंनी केळीची बाग रेल्वेच्या खिडकीतूनच पाहिली होती. त्या रविवारी भुसावळवरून रावेरला उतरून दोघं नवरा-बायको पहिल्यांदा बागेच्या आत शिरले. बाहेर ऊन चढलेलं आणि आत गार, हिरवा उजेड. वाळलेली पानं पायाखाली खचखचत होती. प्रेमराजभाऊ एका घडाने लवलेल्या झाडापाशी थांबले.

"ही आई." मग बुंध्याशी उगवलेल्या हातभर कोंबावर त्यांनी काठी टेकवली. "हा पोरगा. आमी त्याले पिल म्हनतो. ही आई कापली का पुढच्या वर्षी हा घड देतो. आन हे बारकं दिसतं ना बाजूले, तो नातू. चार-चार पिलं ठेवले तं आईचं सगयं खाऊन घेतात. म्हनून एक ठेवाचं, बाकीचे कापाचे. म्हातारा बरोबर सांगू राह्यला."

मग त्यांनी घडावर हात फिरवला. घडाच्या दांड्याभोवती केळ्यांच्या फण्या एकाखाली एक लागलेल्या असतात. स्पॅनिशमध्ये त्या फणीला हात म्हणतात, आणि हात म्हटल्यावर केळी साहजिकच बोटं झाली. खालच्या टोकाला जी किरकोळ, न भरणारी फणी असते ती खोटा हात. ती काढायची, पण एक केळं राहू द्यायचं, म्हणजे दांडा खालून सडत नाही. पिशवी घडावर घालायची आणि वरून बांधायची. हितेंद्रभाऊ घडाकडे, मग स्वतःच्या पंज्याकडे बघत होते. "हात बी बरोबर शे," ते म्हणाले. दुपारी भाऊंच्या पत्नी सुनंदाबाईंनी भरीत-भाकरी वाढली, आणि मिस्टर सेकंडवरचं खुनाचं किटाळ तिथे दूर झालं.

परतीच्या गाडीत ताईंनी वहीचं पहिलं पान लिहिलं. मानो म्हणजे हात, म्हणजे फणी. देदो म्हणजे बोट, म्हणजे केळं. इहो म्हणजे मुलगा, म्हणजे पिल. लेचे म्हणजे दूध, म्हणजे केळीचा चीक. एका ओळीत तीन भाषा. हा धडा दोन्हीकडून शिकायचा होता, हे त्यांना पुढच्याच आठवड्यात कळलं. गटाचे प्रश्न त्या इंग्रजीत लिहून टूलकडून स्पॅनिशमध्ये वदवून घ्यायच्या. त्यांनी विचारलं, फणी किती वेळ पाण्यात ठेवायची? पण घाईत फणीचं इंग्रजी केलं डोक्याच्या फणीचं. दोन सेगुंदोंचं उत्तर आलं: ‘ताई, कंगवे तुम्ही हवे तेवढे धुवा, मला त्यातलं कळत नाही. आमच्या घरात कंगवा लागेल असा मी नाही, मला टक्कल आहे.’

जानेवारीपर्यंत काम रुळलं. ताई एकेक निरोप मराठीत स्वतःच्या आवाजात सांगायच्या आणि गटाच्या ग्रुपवर टाकायच्या. अकरा शेतकरी बागेत काम करताना खिशातल्या फोनवर तो आवाज लावायचे. पॅकहाउसमध्ये फण्या धुणाऱ्या बायकाही ऐकायच्या. त्यांच्यातल्या शेवंताबाई सगळ्यात जास्त प्रश्न विचारायच्या. तिकडच्या बायका हातमोजे घालतात का, त्यांना बसायला मिळतं का, चिकाने त्यांचेही हात काळे होतात का. ताई तेही प्रश्न पाठवायच्या. दोन सेगुंदोंनी एकदा आपल्या बायकोला, नार्सिसाला, फोनसमोर बसवलं. तीही उमेदीत हेच काम करायची. तिने शेवंताबाईंना लिंबू आणि तेलाचा उपाय सांगितला.

मग ती पानांची गोष्ट झाली.

फेब्रुवारीच्या शेवटी एका निरोपात दोन सेगुंदो घडावरच्या पानाबद्दल बोलले होते. दोन्ही टूल्सनी एकच इंग्रजी दिलं: घडावरचं पान काढा. जुळलं म्हणून ताईंनी ओळ लाल केली नाही आणि तसंच मराठीत सांगितलं. प्रेमराजभाऊंनी आपल्या बागेत एका ओळीतली पंधरा झाडं घेऊन त्यांची घडावरची पानं काढली. मार्चचं ऊन सुरू झालं होतं. दहा दिवसांत त्या घडांच्या वरच्या फण्या भाजून तांबूस-काळ्या झाल्या.

भाऊंनी ताईंना हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. सहज म्हणाले, तिकडचं ऊन नरम असंल, आपला उन्हाया वेगया. पण ताईंना चैन पडेना. त्यांनी तो तुकडा काढला, क्लासची खिडकी लावली, हेडफोन घातला आणि ते एक वाक्य ऐकत बसल्या. विसाव्या-पंचविसाव्या वेळी त्यांना सापडलं. वाक्याच्या सुरुवातीलाच कोंबडा आरवला होता, आणि त्याच्या आरवण्याखाली एक छोटासा ‘नो’ दबला होता. घडावरचं पान काढू नका. दोन्ही यंत्रांनी तो कोंबडाही ऐकला नव्हता आणि तो ‘नाही’ही.

हे त्यांच्याशिवाय कुणालाही कधी कळलं नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी क्लास बंद ठेवून त्या रावेरला गेल्या.

"भाऊ, चूक म्हाताऱ्याची नाही, उन्हाचीही नाही," त्या उभ्या उभ्याच म्हणाल्या. "चूक माझी आहे. दोन्ही यंत्रं एकच बोलली म्हणून मी ऐकायचंच सोडलं."

प्रेमराजभाऊंनी त्यांना आधी बसायला लावलं. पाणी दिलं. "पंधरा झाडं गेले ताई. अकराशे तं नाई गेले. आन तुमी सांगाले आले नसत्या तं मी पुढच्या हंगामात बी त्या म्हाताऱ्यालेच नावं ठेवले असते."

ताईंना तिथे रडू आलं नाही, पण गाडीत बसल्यावर थोडं आलं. त्या दिवसापासून त्यांनी एक नियम केला. सांगितलेली प्रत्येक गोष्ट त्या आपल्या शब्दांत उलटी विचारायच्या. ‘पान ठेवायचं, हेच ना?’ ‘दोन नव्हे, बारा आठवडे, बरोबर?’ त्यांना भीती होती की म्हातारा कंटाळेल. त्याचं उलटच झालं. दोन सेगुंदो म्हणाले, त्यांच्या तरुणपणी त्यांचा मुकादमही दर हुकूम तीनदा वदवून घ्यायचा, आणि कोंबड्याचं म्हणाल तर तो रविवारी पातेल्यात जाईल. पुढच्या दोन निरोपांत कोंबडा ऐकू आला नाही तेव्हा ताई अस्वस्थ झाल्या. त्यांनी मुद्दाम विचारलं. उत्तर आलं, जिवंत आहे, शेजाऱ्याच्या अंगणात बांधला आहे, आता तो शेजाऱ्याला त्रास देतो.

मार्च सरता सरता मोठा कंटेनर भरायचा दिवस ठरला. या वेळी दोन सेगुंदो स्वतः व्हिडिओवर समोर असणार होते. इथे संध्याकाळचे साडेसहा म्हणजे तिकडे सकाळचे आठ. पॅकहाउसमध्ये टेबलावर ताईंचा लॅपटॉप ठेवला. एका कोपऱ्यात दोन सेगुंदोंचा चेहरा, गोल, काळसर, खरंच पूर्ण टक्कल, आणि खाली टूलची पट्टी. ते बोलतील तसं तिच्यात इंग्रजी उमटत जाणार होतं. हितेंद्रभाऊ वायरी सांभाळायला आले होते.

पहिली दहा मिनिटं सगळं सुरळीत चाललं. ते बोलायचे, पट्टीवर इंग्रजी यायचं, ताई मराठीत सांगायच्या. घड हौदापाशी आले, शेवंताबाई आणि बाकीच्या बायका कोयत्याने फण्या सोडवायला लागल्या. तेवढ्यात दोन सेगुंदो एकदम पुढे झुकले आणि हात हलवत मोठ्याने बोलायला लागले. नेमकं त्याच वेळी नेट अडकलं. चित्र थांबत थांबत येत होतं, आवाज येत होता, पण पट्टीवरचं इंग्रजी एका शब्दावर गोठलं ते गोठलंच.

आवाजातून एकच शब्द पुन्हा पुन्हा कळत होता. "कोरोना. कोरोना. मालो, मालो. ला कोरोना."

हौदाभोवतीचे हात थांबले. शेवंताबाईंनी पदर नाकावर ओढला. एक बाई हातातली फणी टाकून दोन पावलं मागे सरली. निंबा नावाचे गटाचे सगळ्यात वयस्कर सभासद खुर्चीवरून उठून दाराकडे निघाले. "बापा, केयीले बी झाला का?" कुणीतरी विचारलं.

हितेंद्रभाऊ वायर काढत-घालत होते. पट्टी हलत नव्हती. ताई तिच्याकडे बघत होत्या, आणि मग त्यांना जाणवलं की आपण पट्टीची वाट बघत असताना कान मात्र काम करतो आहे. मानो. कोर्ते, म्हणजे घाव. कोरोना. लेचे. आग्वा, म्हणजे पाणी. हे सगळे शब्द वहीत होते. पाच महिने त्यांनी हाच आवाज, हेच शब्द, अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यांत शेकडो वेळा ऐकले होते. त्यांनी लॅपटॉपवरून नजर काढली आणि नुसतं ऐकलं.

"थांबा, कुणी जाऊ नका," त्या म्हणाल्या. "तो आजार नाही. कोरोना म्हणजे मुकुट. फणी दांड्यापासून जिथे कापता ना, तो वरचा माथा. मालो म्हणजे खराब. तो म्हणतो, माथा खराब कापला जातोय. तुम्ही दोन-तीन घाव घालताय, त्याने माथ्याला चिरा पडतात."

"मंग कसा कापाचा?" शेवंताबाईंनी पदराआडूनच विचारलं.

आता विचारायचं होतं, आणि टूल बंद होतं. ताईंनी माइक जवळ ओढला. आयुष्यात पहिल्यांदा त्या स्पॅनिश बोलल्या, आणि नाव सोडलं तर ते तीनच शब्द होते. "दोन सेगुंदो, उन सोलो कोर्ते?" एकच घाव?

पडद्यावरचा चेहरा हलायचा थांबला. नेट गेलं असं सगळ्यांना वाटलं. पण म्हातारा स्तब्ध झाला होता. मग त्याचं ते ओळखीचं हसू पसरलं. "एसो," तो म्हणाला. "एसो, दोन्या कोकिला." तेच ते, कोकिळाताई. त्याने हवेत कोयता धरल्यासारखा हात एकदाच, सपकन, आडवा फिरवला.

प्रेमराजभाऊंनी कोयते गोळा करून धार लावायला पाठवले. तोवर ताईंनी पुढचं ऐकून घेतलं. फणी कापल्याबरोबर माथा खाली करून पाण्यात सोडा, चीक पूर्ण गळू द्या, घाई करून उचलू नका. प्रत्येक गोष्ट त्यांनी मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये उलटी विचारली. एकदा त्यांनी ‘माथा वर’ म्हटलं, तेव्हा दोन सेगुंदोंनी दोन्ही हात डोक्यावर घेऊन नकार दिला आणि स्वतः मान खाली घालून दाखवली. बायका हसल्या. पट्टी वीस मिनिटांनी पुन्हा सुरू झाली, पण ताईंनी तिच्याकडे अधूनमधूनच पाहिलं, आकडे तपासण्यापुरतं.

कंटेनर गेला. तीन आठवड्यांनी तिकडून पेट्या उघडल्याचे फोटो आले. प्रेमराजभाऊंनी ते ताईंना पाठवले आणि खाली फक्त एवढंच लिहिलं, ‘माथे पांढरे’. ताईंनी तेच फोटो पुढे इक्वाडोरला पाठवले. दोन सेगुंदोंचा निरोप आला तो फार लांब होता, आणि त्यात केळीबद्दल थोडंच होतं. चाळीस वर्षं त्यांनी जे केलं, ते त्यांच्या स्वतःच्या मुलांपैकी कुणाला शिकायचं नव्हतं. एक टॅक्सी चालवतो, दुसरा राजधानीत आहे. आता कुठल्या तरी दूरच्या गावात अकरा माणसं त्यांच्या पद्धतीने घड उतरवतात, हे त्यांनी आपल्या मुलांना सांगितलं, पण मुलांचा विश्वास बसेना, म्हणून त्यांनी फोटो दाखवले.

ताईंनी हा निरोप टूलमध्ये घातला, वाचला आणि गटाला मराठीत सांगताना एकही शब्द गाळला नाही. पॅकहाउसमध्ये त्या दिवशी तो दोनदा लावला गेला.

एव्हाना ताईंच्या या कामाचा बोलबाला झाला होता. पाइप बनवणाऱ्या एका कारखान्याने त्यांना बोलावून घेतलं, कारण त्यांच्याकडे पेरूमधून व्यापारी येणार होते. गल्लीतला बोर्ड बदलला. ‘इंग्रजी-मराठी टंकलेखन’च्या खाली रंगाऱ्याने ‘स्पॅनिश आवाज इंग्रजीत करून मिळेल’ अशी ओळ घातली. त्यातला ‘स्पॅ’ त्याने दोनदा चुकवला. ते अशीलवाले वकीलसाहेब जिना चढून आले आणि आपल्या रेकॉर्डिंगचं काम ठेवून गेले. त्यांनी विचारलं, यंत्र असताना तुम्ही नेमकं काय करता? ताई म्हणाल्या, "यंत्र ऐकतं, मी खात्री करते."

परवा रविवारी नार्सिसाबाईंचा फोन आला होता. हिरव्या केळ्यांचं तुम्ही काय करता, हे त्यांना हवं होतं. ताईंनी कच्च्या केळ्याची भाजी सांगायला घेतली. मोहरी, हिरवी मिरची, शेंगदाण्याचा कूट. कुटाला शब्द सापडेना, तेव्हा त्यांनी स्वयंपाकघरातून दगडी खल आणला आणि कॅमेऱ्यासमोर शेंगदाणे कुटून दाखवले. पलीकडे नार्सिसाबाईही उठून आत गेल्या आणि आपला लाकडी खल घेऊन आल्या. मग दोघी बराच वेळ आपापल्या टेबलावर कुटत होत्या, आणि दार उघडून आत आलेल्या हितेंद्रभाऊंनी विचारलं की घरात नक्की काय चाललंय.